पाठकोऱ्या कागदांवरचा ग्रंथ

पाठ्यपुस्तकात एक वाक्य असते : चार्ल्स डार्विन याने १८५९ साली 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ लिहिला. परीक्षेत साल विचारले जाते, ग्रंथाचे नाव विचारले जाते. 'लिहिला' या क्रियापदाविषयी मात्र कोणीच काही विचारत नाही. एकदा नववीच्या वर्गात मी ते विचारून पाहिले. एवढा मोठा ग्रंथ त्याने कसा लिहिला असेल? "त्याला सगळं सुचलं असेल," असे एक मुलगा म्हणाला. "एकांतात बसून लिहिला असेल," असे एका मुलीचे मत पडले. मागच्या बाकावरून आवाज आला, "मोठ्या माणसांना खाडाखोड करावी लागत नाही."

या शेवटच्या उत्तराने मला हा लेख लिहायला लावला. चूक मुलांची नाही. आपण त्यांच्या हाती देतो ते छापील पुस्तक, आणि छापील पुस्तकात खाडाखोड दिसत नाही. मुलांची स्वतःची निबंधाची वही तांबड्या शाईने भरलेली असते. मोठ्यांचे लिहिणे आणि आपले लिहिणे या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत असा त्यांचा समज झाला तर नवल काय?

डार्विनच्या बाबतीत आपली एक सोय आहे. तो रोज कसा लिहीत असे याची बारीकसारीक माहिती टिकून राहिली आहे. १८७६ साली त्याने मुलानातवंडांसाठी म्हणून आत्मचरित्र लिहून ठेवले. त्याचा मुलगा फ्रान्सिस अखेरची वर्षे वडिलांना कामात मदत करीत होता. त्याने १८८७ साली वडिलांची पत्रे आणि आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. डार्विनने लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून सुमारे १५,००० पत्रे उजेडात आली असून त्यांच्या संपादनाचे काम २०२३ साली तिसावा खंड निघून पूर्ण झाले. म्हणजे पुढे जे सांगणार आहे त्यात कल्पनेने भर घालण्याची गरज नाही.

डार्विन १८४२ साली लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाऊन या खेड्यात राहायला गेला आणि १८८२ साली तिथेच वारला. बीगल जहाजावरची पाच वर्षांची सफर मागे पडली होती आणि प्रकृती बिघडलेली होती. कधी उलट्या, कधी थकवा, कधी झोप नाही. हा आजार नेमका कोणता, यावर वैद्यकातले लोक अजूनही वाद घालतात. अशा माणसाला दिवसाचे फार तास काम करणे शक्यच नव्हते. म्हणून त्याने दिवसाला घड्याळासारखे वळण लावले.

सकाळी लवकर उठून थोडे फिरणे. पावणेआठला एकट्याने न्याहारी. आठ ते साडेनऊ लेखनाचे काम. हा दीड तास त्याला सर्वांत मोलाचा वाटे. साडेनऊला बैठकीच्या खोलीत येऊन टपाल पाहायचे, मग कोचावर पडून घरच्यांची पत्रे किंवा कादंबरीतले एखादे प्रकरण ऐकायचे. साडेदहा ते बारा पुन्हा काम. बाराच्या सुमारास बाहेर पडताना, आजचे काम चांगले झाले, असे तो समाधानाने म्हणे. त्यानंतर हरितगृहातल्या रोपांकडे एक नजर टाकून घरामागच्या वाळूच्या पायवाटेवर ठरावीक फेऱ्या. फेऱ्या मोजण्यासाठी वाटेवर गारगोट्यांची चळत लावून ठेवायची आणि दर फेरीला एक पायाने उडवायची, असाही त्याचा एक काळ प्रघात होता. दुपारी जेवण, वर्तमानपत्र, पत्रांची उत्तरे, विश्रांती, पुन्हा कादंबरीचे वाचन. साडेचार ते साडेपाच आणखी एक तास काम. रात्री पत्नी एमाबरोबर बॅकगॅमन या सोंगट्यांच्या खेळाचे दोन डाव. या डावांचाही हिशेब ठेवलेला असे. १८७६ साली एका अमेरिकन मित्राला त्याने कळवले होते, की आजवर एमाने २४९० डाव जिंकले आणि आपण २७९५!

बेरीज केली तर लेखनाचे तास दिवसाला चार. शाळेच्या वेळापत्रकातल्या सहा तासिकांएवढेही नाहीत. पण चाळीस वर्षे.

लिहिण्याची बैठकही पाहण्यासारखी होती. टेबलाशी बसून तो क्वचितच लिही. खुर्ची उंच पाठीची, पायांना चाके लावलेली. तिच्या दोन हातांवर एक फळी आडवी टाकायची आणि त्या फळीवर कागद ठेवायचे. तपकिरीचे व्यसन होते. ते आवरावे म्हणून तपकिरीची बरणी अभ्यासिकेत न ठेवता बाहेरच्या दिवाणखान्यात ठेवलेली असे, म्हणजे चिमूटभर तपकिरीसाठी उठून जावे लागावे. खोलीत एकांत असे म्हणावे तर तेही नाही. घरात मुलांची वर्दळ. दोरी हवी, कात्री हवी, पट्टी हवी, की पोरे थेट अभ्यासिकेत. चार वर्षांच्या एका मुलाने तर बाबांनी काम टाकून खेळायला यावे म्हणून त्यांना सहा पेन्सची लाच देऊ केली होती. तेव्हा "एकांतात बसून" हे उत्तर बाद झाले.

आता "सुचलं असेल" या उत्तराकडे वळू. सुचणे हा भाग होताच. १८३७ च्या जुलैत त्याने सजीवांच्या जाती बदलतात काय, या प्रश्नासाठी पहिली वेगळी टिपणवही उघडली. १८३८ च्या सप्टेंबरअखेर माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचताना नैसर्गिक निवडीची कल्पना त्याच्या मनात पक्की झाली. म्हणजे मुख्य कल्पना सुचली १८३८ मध्ये आणि ग्रंथ आला १८५९ मध्ये. मधली एकवीस वर्षे सुचण्याची नव्हती; ती जमवण्याची, तपासण्याची आणि लिहिण्याची होती.

जमवण्याची पद्धत साधी आहे, आणि कोणाही शिक्षकाने उचलावी अशी आहे. पुस्तक वाचताना पेन्सिलीने समासात खुणा करायच्या आणि शेवटच्या कोऱ्या पानावर उपयोगी पानांचे आकडे टिपायचे. पुस्तक वाचून संपले की त्यावरून एक छोटी सूची करायची. कपाटात नावे लिहिलेली तीसचाळीस मोठी बाडे ठेवलेली, दर विषयाला एक. टिपण आले की त्या त्या बाडात. नवे लिखाण हाती घेताना आधी सूच्या पाहायच्या, मग बाड काढायचे. आयुष्यभर जमवलेली माहिती समोर हजर. पुस्तकांबद्दल त्याला श्रद्धाबिद्धा नव्हती. जाडजूड पुस्तक हातात धरवत नाही म्हणून तो ते मधोमध फाडून त्याचे दोन तुकडे करी. आपल्या ग्रंथपालांना हे वाचून कसेसेच होईल, पण त्याच्या लेखी पुस्तक हे कामाचे हत्यार होते.

आणि पत्रे. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशात कुठेही पत्र जाईल अशी टपालव्यवस्था सुरू झाली. तिचा एवढा उपयोग फार थोड्यांनी करून घेतला असेल. कबुतरे पाळणारे, माळी, गुरांची पैदास करणारे, परदेशी असलेले अधिकारी अशा सगळ्यांना तो प्रश्न विचारी. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर देण्याचा त्याचा शिरस्ता होता.

लिहिणे त्याला सोपे जात नसे. आपल्या हातून वाक्य आधी चुकीचेच उतरते, अशी त्याची तक्रार असे. तरुणपणी तो प्रत्येक वाक्य मनात घोळवून मगच कागदावर उतरवी. पुढे त्याला कळले, की आधी भराभर, निम्मे शब्द तोडून, वाटेल त्या अक्षरात पानेच्या पाने खरडून टाकावीत आणि मग सावकाश दुरुस्त करीत बसावे, यात वेळ वाचतो. अशी खरडलेली वाक्ये पुष्कळदा विचारपूर्वक लिहिलेल्यांपेक्षा चांगली निघतात. मोठ्या ग्रंथासाठी आधी दोनतीन पानांचा आराखडा, मग तोच वाढवून काही पानांचा. त्यात एकेका शब्दामागे एकेक पूर्ण चर्चा दडलेली. वाक्याचा गुंता झाला की तो स्वतःलाच विचारी, की बाबा, तुला नेमके म्हणायचे आहे तरी काय? आणि जे उत्तर येई तेच लिहून काढी. फ्रान्सिसने नोंदवलेली ही युक्ती मी निबंधाच्या तासाला अनेकदा वापरली आहे. मूल तोंडी सांगते ते वाक्य वहीतल्यापेक्षा जवळजवळ नेहमीच सरळ असते.

हा कच्चा खर्डा कशावर लिहायचा? पाठकोऱ्या कागदांवर. जुनी मुद्रिते, जुन्या हस्तलिखितांची पाने यांच्या मागच्या बाजूला, ओळींत भरपूर अंतर सोडून. घरची सुबत्ता असूनही कागद वाया घालवणे त्याला सोसत नसे. गंमत अशी, की हीच पाने पुढे मुलांकडे चित्रे काढायला जात. 'ओरिजिन'च्या मूळ हस्तलिखिताची मोजकीच पाने आज शिल्लक आहेत, आणि त्यांतली काही शिल्लक राहिली ती मुलांनी पाठीमागे चित्रे काढली म्हणून, आईवडिलांनी ती जपून ठेवली म्हणून. एका पानामागे फळांच्या आणि भाज्यांच्या सैन्याची लढाई रंगवलेली आहे. पुढच्या बाजूला बापाच्या हातचा जीवनकलह, मागे मुलाच्या हातचा!

खर्डा झाला की तो सुवाच्य प्रत करण्यासाठी जाई, आणि इथे आपल्या व्यवसायातला एक माणूस या कथेत येतो. १८४४ साली डार्विनने आपल्या सिद्धान्ताचा २३० पानांचा निबंध लिहिला, त्याची पक्की प्रत गावच्या शाळामास्तरांनी करून दिली. पुढे हे काम नॉर्मन यांच्याकडे आले. तेही डाऊनचे शाळामास्तर. डार्विनचे अक्षर लागणे ही सोपी गोष्ट नव्हती. नॉर्मन यांच्या अक्षराची तर डार्विनला इतकी सवय झाली, की घरच्या मुलांनी स्वच्छ लिहून दिलेली प्रतही त्याला दुरुस्त करता येत नसे. ती आधी नॉर्मन यांच्या हातून उतरून यावी लागे. दिवसा मुलांच्या पाट्या तपासणारा हा गृहस्थ विज्ञानाच्या इतिहासातल्या अत्यंत खळबळजनक मजकुराच्या पहिल्या वाचकांपैकी एक होता. उत्क्रांतीवरच्या किती पुस्तकांत त्याचे नाव येते?

१८४४ चा निबंध छापला गेला नाही. आपण अकाली वारलो तर ४०० पौंड खर्चून एखाद्या योग्य संपादकाकडून तो प्रसिद्ध करावा, असे पत्र एमाच्या नावे लिहून डार्विनने तो ठेवून दिला. मग १८४६ पासून आठ वर्षे तो बार्नेकलच्या मागे लागला. कोकणच्या किनाऱ्यावर खडकांवरून अनवाणी चाललेल्या माणसाच्या तळव्यांना हा खरखरीत कवचाचा प्राणी ठाऊक असतो. आठ वर्षे घरात तेच विच्छेदन चाललेले पाहून एका मुलाची अशी समजूत झाली, की सगळेच वडील हे काम करतात. शेजारच्या गृहस्थांविषयी त्याने विचारले, की ते आपले बार्नेकल कुठे करतात? या कामात आठ वर्षे घालवणे योग्य होते का, अशी शंका पुढे डार्विननेच बोलून दाखवली. माझ्या मते घालवली ते बरे झाले. एकाच जातीतल्या प्राण्यांत किती बारीक फरक असतात हे त्याने इथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

१८५६ मध्ये त्याने आपला 'मोठा ग्रंथ' लिहायला घेतला. दहा प्रकरणे हातावेगळी झाली असताना, १८५८ च्या जूनमध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस याचे ते प्रसिद्ध टपाल येऊन थडकले. मलाया द्वीपसमूहात प्राणी गोळा करीत हिंडणाऱ्या वॉलेसला हिवतापाच्या फणफणीत तीच कल्पना सुचली होती, आणि दोन संध्याकाळी बसून त्याने लेख लिहून टाकला होता. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचेही लिखाण एकत्र वाचले गेले. डार्विन हजर नव्हता. त्याचे तान्हे मूल तीनच दिवसांपूर्वी तांबड्या तापाने गेले होते.

मग मोठा ग्रंथ बाजूला पडला आणि त्याच महिन्यात डार्विनने त्याचा 'गोषवारा' लिहायला घेतला. आजारपणाच्या खंडांसह तेरा महिने लागले. या काळातला एक प्रसंग सांगायलाच हवा. भौगोलिक प्रसाराविषयीचे हस्तलिखित त्याने वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर याच्याकडे वाचायला पाठवले. ते बाड चुकून हूकरच्या घरी मुलांना चित्रे काढायला कागद ठेवत त्या खणात गेले, आणि मुलांनी जवळजवळ चौथा हिस्सा फस्त केला! सुदैवाने डार्विनजवळ जुना खर्डा होता.

प्रकाशक जॉन मरे याला 'गोषवारा' हा शब्द शीर्षकात नको होता. गोषवारा कोण विकत घेणार? तो गाळला गेला. मरेने हस्तलिखित ज्या संपादक पाद्रीबुवांना दाखवले त्यांनी सल्ला दिला, की लेखकाने हे सगळे सोडून फक्त कबुतरांवर पुस्तक लिहावे, ते घरोघर खपेल. मरेने तो मानला नाही, हे त्याचे उपकार. मुद्रिते हाती आली तेव्हा आपली भाषा पाहून डार्विन हबकला. एमाने मुद्रिते वाचली. डार्विनने त्यांत इतक्या दुरुस्त्या केल्या, की त्यांचाच खर्च ७२ पौंडांवर गेला. जादा खर्च आपण सोसू, असे त्याने ओशाळून प्रकाशकाला कळवले होते. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हा आकडा मुद्दाम सांगितला. त्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीबद्दल लेखकाला मिळाले १८० पौंड. खाडाखोडीचा खर्च मोबदल्याच्या दोनपंचमांश!

२४ नोव्हेंबर १८५९ रोजी १२५० प्रती बाहेर पडल्या. किंमत १५ शिलिंग. पुस्तकविक्रेत्यांनी त्याआधीच छापल्याहून जास्त प्रती मागितल्या होत्या. लेखक तेव्हा यॉर्कशरमध्ये जलोपचार घेत होता. ७ जानेवारी १८६० ला दुसरी, ३००० प्रतींची आवृत्ती. पुढे १८७२ पर्यंत आणखी चार आवृत्त्या, आणि प्रत्येकीत फेरफार. पाठ्यपुस्तकांतून गाजलेले 'सर्वांत सक्षम तोच टिकतो' हे वचन पहिल्या चार आवृत्त्यांत नाहीच. हर्बर्ट स्पेन्सरचे हे शब्द डार्विनने १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतले. म्हणजे १८५९ साली ग्रंथ 'लिहिला' हे वाक्य दोन्ही टोकांनी अपुरे आहे.

एक प्रश्न राहतो, आणि तो पोटाचा आहे. डार्विनला १८० पौंड मिळाले काय किंवा न मिळाले काय, फरक पडणार नव्हता. वडील श्रीमंत डॉक्टर, सासर वेजवूड या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखानदारांचे. चाळीस वर्षे दिवसाला चार तास हे वेळापत्रक त्या पैशावर उभे होते. तीच कल्पना सुचलेल्या दुसऱ्या लेखकाकडे पाहिले की हे ध्यानात येते.

वॉलेसचे शिक्षण चौदाव्या वर्षी थांबले. जमीनमोजणीचे काम केले. ते सुटल्यावर १८४४ साली लेस्टर इथल्या एका शाळेत तो शिक्षक झाला. माल्थस त्याने वाचला तो त्या गावच्या ग्रंथालयात. अॅमेझॉनच्या खोऱ्यात चार वर्षे काढून तो १८५२ मध्ये परत निघाला तर जहाजाला आग लागून संग्रह आणि बहुतेक टिपणे जळून गेली. आठवणीतून आणि वाचलेल्या कागदांतून त्याने प्रवासाचे पुस्तक लिहिले. ७५० प्रती छापल्या. नऊ वर्षांनी पाहिले तेव्हा त्यांतल्या २५० शिल्लक होत्या आणि वाटून घ्यायला नफा काहीच नव्हता. मलाया द्वीपसमूहातून १८६२ साली तो सव्वा लाखाहून अधिक नमुने गोळा करून आला. त्यावरचे त्याचे पुस्तक १८६९ मध्ये निघाले, ते त्याने डार्विनला अर्पण केले. माझ्या मते वाचायला ते 'ओरिजिन'हून कितीतरी सोपे आणि रसाळ आहे. वरच्या वर्गातल्या मुलांना त्यातले उतारे जरूर वाचून दाखवावेत.

पण पुस्तकावर घर चालत नाही. खाणींच्या आणि रेल्वेच्या शेअरांत गुंतवलेले पैसे बुडाले. नोकरीसाठी केलेले अर्ज वाया गेले. मग त्याने मिळेल ते काम घेतले. व्याख्याने दिली, परीक्षणे लिहिली. भूगर्भशास्त्रज्ञ लायेल याचे हस्तलिखित तासाला पाच शिलिंग या दराने तपासून दिले. १८७३ मध्ये डार्विननेही आपल्या एका ग्रंथाच्या नव्या आवृत्तीच्या कामाविषयी त्याला विचारले होते, पण ते काम अखेर डार्विनचा मुलगा जॉर्ज याने केले. नैसर्गिक निवडीचा सहसंशोधक दरवर्षी काही आठवडे सरकारी परीक्षेचे प्राकृतिक भूगोलाचे पेपर तपासत बसे, हे किती जणांना ठाऊक असेल? एप्रिल-मे महिन्यांत उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांशी बसताना मला हे आठवते, आणि खरे सांगायचे तर बरे वाटत नाही. त्या आठवड्यांत त्याने काय लिहिले असते?

ही स्थिती डार्विनला कळली तेव्हा त्याने स्वस्थ न बसता सरकारकडे अर्ज केला, हक्स्ली वगैरे मित्रांच्या सह्या मिळवल्या, प्रत्येक मुद्दा आपल्या ग्रंथांइतक्याच काळजीने मांडला. १८८१ च्या जानेवारीत पंतप्रधान ग्लॅडस्टन याने वॉलेसला वर्षाला २०० पौंडांचे निवृत्तिवेतन मंजूर केल्याचे कळवले. डार्विन पुढच्याच वर्षी गेला. वॉलेस त्यानंतर एकतीस वर्षे जगला आणि लिहीत राहिला. १८८९ मध्ये नैसर्गिक निवडीवर त्याने जो ग्रंथ लिहिला त्याला स्वतःचे नाही, तर 'डार्विनिझम' असे नाव दिले. नव्वदी उलटल्यावर, १९१३ च्या नोव्हेंबरात तो वारला, त्या वर्षीही त्याची दोन पुस्तके बाहेर पडली होती.